१६१३ घेताना आणि तिचं क्राऊन-पिनियन बदलताना

प्रश्न थोडक्यात असा: टाटा १६१३, दोन एक्सलची, सहा चाकी, २०११ चं मॉडेल विकत घ्यायचं आहे. टायर १०.००-२०. काम लासलगावहून वाशीच्या बाजारात कांदा नेण्याचं, परतीला बहुतेक वेळा गाडी रिकामी. मिस्त्री म्हणतो की या गाडीत ६-४१ चं क्राऊन-पिनियन आहे (मागच्या एक्सलमधली, इंजिनाची ताकद चाकांकडे वळवणारी दातेरी जोडी; पिनियनला ६ दात, क्राऊनला ४१). भंगारात निघालेल्या टाटा २५१८ चं ७-४१ स्वस्तात मिळतंय, ते टाकलं की गाडी पळेल आणि डिझेल वाचेल. टाकावं का, आणि गाडी घेताना काय बघावं?

बदल करता येतो. पण ‘२५१८ चं १६१३ ला बसतं’ हे वाक्य जसंच्या तसं खरं मानू नका. मॉडेलचं नाव तुम्हाला वजन आणि ताकद सांगतं: १६ म्हणजे १६ टनांचा गट, १३ म्हणजे १३० च्या आसपास हॉर्सपॉवर. एक्सल कोणता हे नावात नसतं. १६१३ वर्षानुवर्षं विकली गेली, वेगवेगळ्या इंजिनांसह विकली गेली, आणि नंतर मालकांनीही त्यात बदल केले. त्यामुळे शेजारी उभ्या दोन १६१३ मध्ये दातांचा जोड वेगळा निघू शकतो. टाटाच्या १६ टन आणि २५ टन गटांतल्या अनेक गाड्यांत आरए १०९ मालिकेचा एक्सल येतो, आणि मिस्त्रीच्या म्हणण्याला आधार आहे तो एवढाच. हाऊसिंगवरची (एक्सलच्या बाहेरच्या कवचावरची) पट्टी किंवा ठोकलेला नंबर घासून वाचा. दोन्हीकडे एकच मालिका असेल तरच पुढचं बोलणं.

आता ६-४१ आहे हे तरी खरं का? न उघडता मोजता येतं. पुढच्या चाकांना दोन्ही बाजूंनी दगड किंवा लाकडी गुटके लावा. मागचं एक चाक जॅकवर उचलून घोडीवर ठेवा, दुसरं जमिनीवरच राहू द्या. गिअर न्यूट्रल. टाकीत हवा भरलेली असू द्या, कारण हवा नसेल तर हँडब्रेक सुटणार नाही आणि चाक फिरणार नाही. प्रोपेलर शाफ्टवर (गिअरबॉक्सपासून मागच्या एक्सलपर्यंत जाणाऱ्या दांड्यावर) आणि टायरवर खडूची खूण करा. उचललेलं चाक बरोबर २० फेरे फिरवा आणि दुसऱ्या माणसाला शाफ्टचे फेरे मोजायला सांगा. एक चाक स्थिर असताना दुसऱ्याचे दोन फेरे म्हणजे क्राऊनचा एक फेरा, म्हणून २० फेऱ्यांत क्राऊन १० वेळा फिरतो. शाफ्ट ६८ वर थोडा गेला तर ६-४१ आहे (४१ भागिले ६ म्हणजे ६.८३). साडेअठ्ठावन्नच्या आसपास थांबला तर ७-४१ आधीच बसलेलं आहे (५.८६), आणि बदलण्यासारखं काही उरत नाही. पंधरा मिनिटांचं काम आहे, पण फार कमी लोक करतात.

आता या फरकाने हातात काय पडतं ते बघू. १०.००-२० चा भरलेला टायर एका फेऱ्यात साधारण ३.२ मीटर जातो. ताशी ६० च्या वेगाला टॉप गिअरमध्ये, तो थेट म्हणजे १:१ असेल तर, ६.८३ वर इंजिन मिनिटाला सुमारे २१३५ फेरे घेतं आणि ५.८६ वर सुमारे १८३०. इंजिन २५०० फेऱ्यांवर धरलं तर पहिल्या जोडीने गाडी ७० वर अडते, दुसरीने ८२ पर्यंत जाते. मालवाहू गाडीचा स्पीड गव्हर्नर ८० वर असतो, त्यामुळे वरचा वेग हा फायदा कागदावरच राहतो. खरा फायदा आहे तो ५५-६० ला इंजिन शांत चालण्याचा, आणि रिकाम्या परतीला तो सर्वांत जास्त मिळतो.

त्याची किंमत अशी की प्रत्येक गिअरमध्ये चाकावर पोचणारा जोर १४ टक्क्यांनी कमी होतो. भरलेली गाडी चढावर उभी राहिली की पहिल्या गिअरमध्ये उचलताना क्लच जास्त घसरतो, आणि क्लच प्लेट लवकर जाते. ऊस, वाळू, खडी, शेतातून निघणारा माल, अशा कामाला ६-४१ च ठेवा. तिथे ७-४१ टाकून वाचलेलं डिझेल क्लचच्या कामात जातं.

तुमचा रस्ता मात्र वेगळा आहे. चर्चा नेहमी चढाची होते, पण लासलगावहून वाशीला जाताना कसारा घाट तुम्ही भरलेल्या गाडीने उतरता. चढताना गाडी रिकामी असते, तेव्हा ५.८६ ला काहीच जड जात नाही. अडचण उताराची आहे. त्याच गिअरमध्ये आणि त्याच वेगाला इंजिन कमी फेरे घेतं, म्हणून इंजिनाची गाडी रोखण्याची ताकद कमी, आणि ती ताकद चाकापर्यंत पोचतानाही १४ टक्क्यांनी घटलेली. राहिलेला सगळा भार ब्रेक ड्रमवर. ड्रायव्हरला जुन्या जोडीची सवय असेल आणि तो त्याच गिअरमध्ये घाट उतरला, तर पायथ्याशी पोचेपर्यंत ब्रेक लायनर जळाल्याचा वास येईल. म्हणून हा बदल करायचाच तर तीन गोष्टी बरोबरीने करा: मागचे लायनर आणि ड्रम तपासून घ्या, एक्झॉस्ट ब्रेक (धुराची वाट अडवून इंजिनाकडून गाडी रोखणारा) असेल तर त्याची झडप खरोखर बंद होतेय का बघा (पुष्कळ जुन्या गाड्यांत ती काजळीने अडकलेली असते), आणि ड्रायव्हरला घाटमाथ्यावरच एक गिअर खाली घ्यायला सांगा.

आणखी एक गोष्ट लोक विसरतात. या गाड्यांत वेगाच्या काट्याची केबल किंवा सेन्सर गिअरबॉक्सवर असतो. तिथून पुढचा जोड बदलला की काटा खोटं सांगू लागतो. काटा ६० दाखवेल तेव्हा गाडी खरं तर ७० वर असेल. गव्हर्नरही तिथूनच खूण घेत असेल तर तोही चुकेल. दोन्ही पुन्हा जुळवून घ्यावे लागतात. मायलेज मोजतानाही हेच ध्यानात ठेवा: काटा न जुळवता हिशेब केला तर किलोमीटर कमी दिसतील आणि बदल करून नुकसानच झालं असं वाटेल.

आता सामान. नुसती क्राऊन आणि पिनियनची जोडी आणण्यापेक्षा त्याच मालिकेच्या एक्सलमधून अख्खा डिफरन्शियल कॅरिअर आणा, म्हणजे पिनियन, क्राऊन, स्टार पिनियन (वळणावर दोन चाकांना वेगळ्या वेगाने फिरू देणारे छोटे दातेरी गिअर), बेअरिंगं सगळं एकत्र. दोन कारणं. एक, काही एक्सलांत दातांचा जोड बदलला की क्राऊन ज्या केसवर बोल्ट होतो ती केसही बदलावी लागते. दुसरं, ही जोडी कारखान्यात एकमेकांवर घासून जुळवलेली असते आणि दोन्हींवर एकच जोड-क्रमांक कोरलेला असतो. हा क्रमांक जुळत नसेल तर माल फुकट मिळाला तरी घेऊ नका. दोन वेगळ्या जोड्यांतले क्राऊन आणि पिनियन एकत्र केले तर शिम (जागा जुळवणाऱ्या पातळ चकत्या) लावून आवाज कमी होईल, पण दात काही हजार किलोमीटरांत खवले सोडू लागतील.

दात बघताना भिंग किंवा मोबाईलचा कॅमेरा वापरा. गुळगुळीत चकाकी चालते. सुई टोचल्यासारखे खड्डे, कडेला उडालेला कपचा, निळसर रंग (म्हणजे तेलाविना तापलं आहे) यांपैकी काहीही दिसलं तर परत ठेवा. पिनियनच्या टोकाला छोटं पायलट बेअरिंग असेल तर त्याचे रोलर नक्की बघा. ते सुटलं की पिनियन भाराखाली मागे ढकललं जातं आणि दात टोकावर चावतात.

देणारी गाडी कोणती हेही विचारा. दहा चाकी पण एकच चालता एक्सल असलेल्या २५१८ चा कॅरिअर आणि दोन चालते एक्सल असलेल्या टिपरचा कॅरिअर यांत फरक आहे. टिपरच्या पुढच्या चालत्या एक्सलवर मागे ताकद नेणारी वेगळी रचना असते, ती तुमच्या गाडीला बसणार नाही. (उलट बाजूने: ज्यांच्याकडे दोन चालत्या एक्सलची गाडी आहे, त्यांनी एकाच एक्सलचा जोड कधीही बदलू नये. दोन्ही एकसारखे नसतील तर एक्सल एकमेकांना ओढत राहतात, टायर खरवडले जातात आणि मधला डिफरन्शियल जळतो. लष्करी लिलावातून येणाऱ्या चारही चाकं चालणाऱ्या ट्रकांनाही हाच नियम, पुढचा आणि मागचा जोड सारखाच हवा.)

बसवण्याआधी जुना आणि नवा कॅरिअर शेजारी ठेवून मोजा. हाऊसिंगच्या तोंडावरचे बोल्ट किती आणि किती अंतरावर, एक्सल शाफ्टच्या टोकाला खाचा किती, शाफ्टची लांबी, पिनियनच्या फ्लँजवरच्या (प्रोपेलर जिथे बोल्ट होतो त्या चकतीवरच्या) भोकांचं वर्तुळ, आणि हाऊसिंगच्या तोंडापासून फ्लँज किती पुढे येते. खाचा एकाने जरी वेगळ्या निघाल्या तरी शाफ्ट जाणार नाही किंवा, त्याहून वाईट, ठोकून जाईल. फ्लँज १०-१५ मिलीमीटर पुढे-मागे असेल तर प्रोपेलर शाफ्टचा सरकता सांधा बघा. तो पूर्ण आत टेकलेला किंवा जेमतेम अडकलेला नको, साधारण मध्यावर असावा.

उघडण्याचं काम या गाडीत तसं सोपं आहे, कारण एक्सल फुल फ्लोटिंग आहे. वजन हाऊसिंगवर असतं, शाफ्ट फक्त फिरवतो. चाकं न काढता शाफ्टच्या फ्लँजचे नट सोडायचे, शंकूसारखे डॉवेल हलक्या ठोक्याने सैल करायचे आणि शाफ्ट ओढून काढायचे. तेल आधी काढा, आणि ते स्वच्छ भांड्यात काढा, कारण त्यात काय निघालं हे बघायचं आहे. प्रोपेलर सोडण्यापूर्वी दोन्ही फ्लँजवर पंचने खूण करा, नाहीतर परत जोडताना तोल जातो आणि ४५-५० ला थरथर सुरू होते. कॅरिअर खूप जड असतो. गिअरबॉक्स जॅकशिवाय दोन माणसांनी छातीवर घेऊन काढण्याची पद्धत बऱ्याच ठिकाणी दिसते. ती सोडून द्या.

वापरलेला कॅरिअर जसाच्या तसा बसवायचा तर आधी डायल गेजने क्राऊनचा बॅकलॅश (दातांमधला मोकळा खेळ) मोजून लिहून ठेवा. नवीन जोडीसाठी तो क्राऊनवरच कोरलेला असतो, बहुतेक ०.२० ते ०.३० मिलीमीटरच्या घरात. वापरलेल्या जोडीत तो वाढलेला असतो, आणि इथेच चांगले मिस्त्रीही चुकतात: वाढलेला बॅकलॅश नव्या मापावर आणायला जातात. जुने दात एकमेकांच्या जागी बसलेले असतात. त्यांना हलवलं की न झिजलेली कड झिजलेल्या भागावर चढते आणि दुसऱ्या दिवसापासून कोल्हेकुई सुरू. बेअरिंग बदलायची असतील तरी जुना बॅकलॅश आणि जुनी पिनियनची खोलीच परत ठेवायची.

नवीन जोडी बसवणार असाल तर क्रम पक्का ठेवा: आधी पिनियनची खोली, मग पिनियन बेअरिंगचा ताण, मग बॅकलॅश, शेवटी दातांचा ठसा. बेअरिंगचा ताण ‘हाताला घट्ट लागतंय’ यावर सोडू नका. फ्लँजला दोरी गुंडाळून स्प्रिंग काट्याने ओढा आणि फिरत असताना किती किलो लागतात ते वाचून मॅन्युअलच्या आकड्याशी जुळवा. ठशासाठी तेलात कालवलेला शेंदूर किंवा निळा मार्किंग रंग क्राऊनच्या सात-आठ दातांवर लावा, क्राऊनला लाकडाने थोडा अडसर देऊन पिनियन दोन्ही बाजूंनी फिरवा. (शेंदूर शिशाचा असतो, हात धुतल्याशिवाय चहा घेऊ नका.) ठसा दाताच्या मध्यावर, किंचित आतल्या टोकाकडे झुकलेला हवा, कारण भार आला की तो बाहेर सरकतो. ठसा दाताच्या मुळाशी आला तर पिनियन फार आत आहे, बाहेर घ्या. माथ्यावर आला तर पिनियन आत न्या. आतल्या टोकावरच एकवटला तर क्राऊन पिनियनपासून लांब करा, बाहेरच्या टोकावर असेल तर जवळ आणा. एक बदललं की दुसरं हलतं, तेव्हा तीन-चार फेऱ्या होणारच. पहिल्याच वेळी ‘बरोबर आला’ म्हणणारा मिस्त्री बहुधा ठसा न घेताच म्हणतो.

तेल जीएल-५ दर्जाचंच. क्राऊन-पिनियनचे हायपॉइड दात एकमेकांवर घासत सरकतात, साध्या गिअर ऑइलची फिल्म तिथे टिकत नाही. ८५डब्ल्यू-१४० आपल्या उन्हाला ठीक. हे तेल गिअरबॉक्समध्ये मात्र टाकू नका, तिथे गिअर जुळवणाऱ्या सिंक्रोच्या पितळी कड्यांना त्रास होऊ शकतो. गाडी सपाट जागी उभी करून लेव्हल प्लगमधून तेल ओघळेपर्यंत भरा. हाऊसिंगवरचा ब्रीदर (आतली हवा बाहेर सोडणारी छोटी टोपी) काढून डिझेलमध्ये धुवा. तो चिकटलेला असला की आत तापून दाब वाढतो आणि तेल सील फोडून ब्रेक लायनरवर येतं. मग लोक सील बदलत राहतात. पहिला १५-२० किलोमीटरचा फेरा रिकाम्या गाडीने मारा आणि पिनियनच्या नाकावर पाण्याचे थेंब टाका. चुर्र झालं तर ताण जास्त आहे, उघडा. पहिल्या हजार किलोमीटरच्या आत तेल बदला.

आता खरेदीकडे. इंजिन थंड असताना बघायला जा. मालकाने आधीच चालू करून ठेवलं असेल तर दुसऱ्या दिवशी या. थंड इंजिन किती वेळ फिरवल्यावर पकडतं, पहिला धूर कोणता, इंजिनाच्या ब्रीदरमधून वाफेसारखा झोत येतो का, ते बघा. निळा धूर आणि ब्रीदरचा झोत दोन्ही असतील तर पिस्टन-रिंगचं काम धरून भाव करा. फक्त काळा धूर असेल तर नोझल, पंप, एअर फिल्टर असं तुलनेने हलकं कारण असू शकतं.

एक्सलचं परीक्षण गाडी चालवून होतं. ओढताना रडते आणि ॲक्सिलरेटर सोडला की गप्प होते: क्राऊन-पिनियनची चालीची बाजू झिजली आहे. सोडल्यावर रडते: बहुतेकदा पिनियन बेअरिंग ढिलं. फक्त वळणावर कटकट: स्टार पिनियन आणि त्यांचे वॉशर. ओढो वा सोडो, सतत घरघर: चाकाचं किंवा क्राऊनचं बेअरिंग. उचलताना एकच ‘ठक्’: आधी प्रोपेलरचा क्रॉस बघा, स्वस्तातला दोष आधी. मग ड्रेन प्लग काढा. चुंबकावर राखाडी लोण्यासारखा थर चालेल, बोटाला टोचणारे तुकडे चालणार नाहीत. तेल दुधाळ असेल तर पाणी गेलं आहे, गाडी पुरात उभी होती का विचारा.

ओव्हरलोडची साक्ष हाऊसिंग देतं. सतत जास्त माल वाहिलेलं हाऊसिंग मध्ये झोळ खातं, त्यामुळे मागची चाकं वरून आत झुकतात. सपाट जागी दोन्ही बाजूंच्या रिममधलं अंतर वर आणि खाली मोजा. वरचं स्पष्ट कमी भरलं, आणि आतल्या टायरांची आतली कड जास्त खाल्लेली दिसली, तर हाऊसिंग वाकलं आहे. अशा गाडीत कितीही चांगलं क्राऊन-पिनियन टाकलं तरी शाफ्ट तिरका चालून खाचा खातो. चासीवर स्प्रिंगच्या पाट्यांच्या ब्रॅकेटपाशी तडे, वेल्डिंग, वरून जोडलेली पट्टी, रिवेटभोवती गंजाची लाल भुकटी शोधा. नवा काळा रंग फक्त तेवढ्याच भागाला असेल तर तिथे खरवडून बघा.

पुढच्या चाकाला जॅक लावून वर-खाली हलवा. खेळ जाणवला तर कोणाला तरी ब्रेक दाबायला सांगा. ब्रेक दाबूनही खेळ राहिला तर दोष किंगपिनचा (पुढचं चाक ज्यावर वळतं त्या खिळीचा), नाहीसा झाला तर हबच्या बेअरिंगचा.

कागदांत चासी नंबर स्वतः गाडीवर घासून आरसीशी जुळवा. फॉर्म २९ आणि ३०, दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर फॉर्म २८ ची एनओसी, कर्ज होतं तर बँकेचं पत्र आणि फॉर्म ३५. वाहन पोर्टलवर फिटनेस, कर, ई-चलान बघा. २०११ ची गाडी आठ वर्षांपलीकडे गेली आहे, म्हणजे पासिंग दरवर्षी आणि महाराष्ट्रात पर्यावरण करही. नॅशनल परमिटला वयाची अट आहे. राज्याबाहेर जायचा विचार असेल तर पैसे देण्याआधी आरटीओत विचारा.

२५१८ चं सामान टाकलं म्हणून १६१३ ला जास्त माल नेता येत नाही. चार टायरांच्या एका मागच्या एक्सलची कायदेशीर मर्यादा १०.२ टन होती, २०१८ च्या अधिसूचनेने ती ११.५ टन झाली. पण तुमच्या गाडीला लागू आहे ते तिच्या आरसीवर लिहिलेलं एकूण वजनच. त्याच मालिकेचा कॅरिअर बदलणं ही दुरुस्ती. एक्सल वाढवणं किंवा आरसीवरचा तपशील खोटा ठरेल असा बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ खाली येतो, आणि अपघात झाला की विमा कंपनी तिथेच बोट ठेवते. भंगारातल्या कॅरिअरचं बिल घ्या, त्यावर कोणत्या गाडीचा आहे ते लिहून घ्या. चोरीच्या गाडीचे भाग अशाच वाटेने फिरतात.

तुमच्या कामासाठी मत विचाराल तर: हाऊसिंग सरळ असेल, सध्याचं ६-४१ आवाज करत असून उघडावं लागणारच असेल, आणि जोड-क्रमांक जुळणारा पूर्ण कॅरिअर मिळत असेल, तर ७-४१ टाका. सध्याचा डिफरन्शियल शांत चालत असेल तर तो उघडू नका. तेवढ्या पैशात आधी मागचे लायनर, ड्रम आणि एक्झॉस्ट ब्रेक करून घ्या.